२० गुंठे विकून दिराला स्टेम सेल द्यायचे का?

पत्र असं आहे (थोडं लहान केलंय): "ताई, आम्ही निफाड तालुक्यातले, द्राक्षाची बाग आहे. माझा धाकटा दीर २७ वर्षांचा. माल पोचवून परत येताना पिकअप उलटली, त्याला आता १४ महिने झाले. डी-८ (छातीच्या मागचा आठवा) मणका फ्रॅक्चर, रॉड-स्क्रू टाकून ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी कागदावर 'ए ग्रेड' (मज्जारज्जूच्या इजेची सगळ्यात गंभीर पायरी, बी, सी त्याहून कमी गंभीर) लिहिलंय. बेंबीच्या वरपासून खाली काही हलत नाही आणि कळतही नाही. नाशिकला एका हॉटेलात एका सेंटरचा स्टेम सेलचा कॅम्प झाला, तिथे चालायला लागलेल्या पेशंटचे व्हिडिओ दाखवले. ३ इंजेक्शनचं पॅकेज साडेसात लाख, महिन्याच्या आत भरले तर सूट. मिस्टर २० गुंठे काढायला निघालेत. मला पटत नाहीये, पण मी नाही म्हटलं तर उद्या भावकी म्हणेल, जमीन वाचवायला दिराला तसंच ठेवलं. सध्या पाय अधूनमधून आपोआप हलतो, सासूबाई म्हणतात जीव येतोय. त्या रोज रात्री गरम वाळूचा शेक देतात, तो चालू ठेवू ना? - एक वहिनी"

वहिनी, बाकीचं सगळं नंतर, आधी तो वाळूचा शेक बंद करा, आज रात्रीपासूनच. त्याला पायाला गरम-गार कळत नाही म्हणजे चटका बसला तरी तो ओरडणार नाही, तुम्हाला कळेल तेव्हा फोड आलेला असेल, आणि अशा कातडीवरची जखम भरायला महिनेच्या महिने जातात. गरम पाण्याची पिशवी, हीटिंग पॅड, मांडीवर ठेवलेलं गरम ताट, उन्हात तापलेली गाडीची सीट, सगळं त्यातच आलं. सासूबाईंना स्वतःच्या हाताने लेकासाठी काहीतरी करायचंय हे कळतं मला, तर त्यांना रोज सकाळ-संध्याकाळ त्याची कातडी बघायचं काम द्या, टाचा, घोटे, कुल्ले, माकडहाड, कुठे लाल डाग दिसतोय का, असला तर त्या जागेवर भार द्यायचा नाही आणि तिथे चोळायचंही नाही. शेक देण्यापेक्षा हे काम कितीतरी मोठंय, बेडसोर होऊन त्यातून इन्फेक्शन रक्तात गेलेले पेशंट जिवाला मुकतात.

आता पाय हलतो त्याबद्दल. हे सांगताना वाईट वाटतं पण आपोआप झटका बसून पाय हलणं म्हणजे जीव येणं नव्हे. त्याला स्पॅझम म्हणतात. मेंदूकडून खाली येणारा कंट्रोल तुटला की इजेच्या खालचा मज्जारज्जू स्वतःच्या मर्जीने स्नायूंना हुकूम सोडत बसतो, पांघरूण ओढलं, लघवीची पिशवी तुंबली, नख आत गेलं, एवढ्यानेही पाय उडतो. तो स्वतः ठरवून "आता अंगठा हलवतो" म्हणाला आणि अंगठा हलला, दहा वेळा सांगून दहाही वेळा हलला, तर मात्र ताबडतोब डॉक्टरांना दाखवा, ती वेगळी गोष्ट. आणि हो, अचानक झटके वाढले तर आधी लघवीचं इन्फेक्शन किंवा कुठे जखम आहे का ते शोधायचं.

साडेसात लाखांचं माझं मत सरळ सांगते, नका देऊ. मी फिजिओथेरपिस्ट आहे, प्रयोगशाळेतली संशोधक नाही, पण असे पेशंट आणि त्यांच्या घरचे बघत आलेय. आणि मी नका देऊ म्हणतेय ते स्टेम सेल म्हणजे सगळं थोतांड आहे म्हणून नाही, उलट या विषयात जगात खरं, चांगलं काम चाललंय, ते काम कसं चालतं हे बघितलं की हॉटेलात विकलं जाणारं पॅकेज त्यात कुठेच बसत नाही हे आपोआप कळतं.

थोडं मुळापासून सांगते म्हणजे मिस्टरांना सांगायला बरं पडेल. हाता-पायातली नस कापली गेली तर ती हळूहळू वाढते, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. मज्जारज्जूतले तंतू मात्र मोठ्या माणसात असे परत वाढत नाहीत. पहिल्या मारात काही पेशी मरतात, मग सूज, रक्तस्राव, ऑक्सिजन न मिळणं, शरीराचीच सफाई करणारी यंत्रणा चेकाळणं, यात पुढचे काही दिवस-आठवडे आणखी मरतात. नंतर त्या जागी व्रण तयार होतो, बरेचदा मधे पाण्याने भरलेली पोकळी पण होते. त्या व्रणात आणि तंतूंवरच्या आवरणातही असे पदार्थ असतात की नवीन तंतू वाढायला गेला तर त्याला अडवतात. म्हणजे पेशी मेल्या, जागा गेली, रस्ता बंद, आणि रस्ता उघडला तरी तंतूने काही सेंटिमीटर प्रवास करून खाली बरोबर त्याच पेशीला जाऊन जुळायचं, हे सगळं एकाच वेळी सोडवायचं आहे. म्हणून तर इतकी वर्षं लागतायत.

आता स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी बनू शकतात अशा मूळ पेशी, त्यांच्यातही जाती आहेत. कॅम्पवाल्या लोकांकडे बहुतेक वेळा असतात त्या पेशंटच्याच कमरेच्या हाडातून किंवा पोटाच्या चरबीतून काढलेल्या मेसेन्कायमल पेशी, पाठीत सुई घालून मणक्यातल्या पाण्यात सोडतात. या पेशी मज्जारज्जूतल्या नसा बनत नाहीत, ही गोष्ट त्या व्हिडिओत कोणी सांगितली नसेल. त्या काही काळ तिथे राहतात, सूज कमी करणारी, जगलेल्या पेशींना मदत करणारी द्रव्यं सोडतात आणि बहुतेक मरून जातात. तुमच्या बागेतलंच उदाहरण देते, डॉगरीजच्या खुंटावर कलम करताना काडीचा काप खुंटाच्या कापाला नीट टेकवून, घट्ट बांधून, जपावं लागतं तेव्हा कुठे काही कलमं जगतात, पाटाच्या पाण्यात काड्या सोडून दिल्या नि म्हटलं की आपोआप वेलीला जाऊन चिकटतील, तर तुमचे मिस्टर त्या माणसाला बागेत उभं करतील का?

दुसरी जात म्हणजे खरोखर मज्जातंतूंच्या पेशी बनू शकतील अशा. त्यावरचं पहिलं मोठं पाऊल अमेरिकेत जेरॉन कंपनीने टाकलं, २०१० मध्ये भ्रूणाच्या स्टेम सेलपासून बनवलेल्या पेशी पहिल्यांदा माणसाच्या मणक्यात सोडल्या, पेशंट कोण, तर नुकताच छातीच्या पातळीवर मार लागलेले, आणि पुढच्याच वर्षी पैशाच्या कारणाने कंपनीने तो प्रोग्राम बंद केला (पेशी पुढे दुसऱ्या कंपनीकडे गेल्या, काम चालू राहिलं). जपानच्या यामानाकांनी २००६ मध्ये साध्या पेशींना परत मूळ अवस्थेत नेऊन दाखवलं, त्याला आयपीएस पेशी म्हणतात, २०१२ चं नोबेल त्यालाच मिळालं. त्या आयपीएस पेशींपासून मज्जातंतूंच्या पेशींची रोपं तयार करून टोकियोच्या केओ विद्यापीठाने डिसेंबर २०२१ मध्ये पहिल्या पेशंटला दिली. मार्च २०२५ मध्ये त्यांनी ४ पेशंटचा निकाल सांगितला. त्यातला एक आधाराशिवाय उभा राहून चालायचा सराव करायला लागला, दुसऱ्याच्या हातापायाच्या काही स्नायूंत हालचाल आली, उरलेल्या दोघांत विशेष फरक नाही. गंभीर त्रास कोणाला झाला नाही. आणि हे चौघंही असे की मार लागल्यावर दोन ते चार आठवड्यांत पेशी दिलेल्या. तुमच्या दिराला १४ महिने झालेत, व्रण पक्का झालाय, तिथला निकाल इथे लावता येत नाही. जगातल्या चांगल्यातल्या चांगल्या टीमचा निकाल चारात दोन, तोही त्या पेशींमुळेच की नैसर्गिक सुधारणा हे नक्की सांगता येत नाही असं ते स्वतःच म्हणतात, आणि हॉटेलात तीन इंजेक्शनांत चालवायची गॅरंटी!

कॅम्पवाले जपानचं नाव घेतीलच, की तिथे सरकारने मंजूर केलंय. हो, डिसेंबर २०१८ मध्ये स्टेमिरॅक नावाची, पेशंटच्याच बोन मॅरोपासूनची थेरपी तिथे सशर्त मंजूर झाली, पण फक्त १३ पेशंटच्या अभ्यासावर, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि त्यावर जगभरच्या शास्त्रज्ञांनी भरपूर टीका केली. तीही ताज्या इजेसाठीच. नाहीतर अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचं नाव घेतील, आणि हे मी मुद्दाम सांगते कारण ते तुमच्या केसच्या सगळ्यात जवळ जातं. तिथे चरबीतल्या मेसेन्कायमल पेशी पाठीतून दिल्या, १० पेशंट, त्यातल्या ७ जणांची ग्रेड किमान एका पायरीने सुधारली, २०२४ मध्ये छापून आलं. ऐकायला छान वाटतं ना, मलाही वाटलं. पण तो पहिल्या टप्प्याचा अभ्यास, म्हणजे मुख्य प्रश्न "याने अपाय होतो का" एवढाच, इंजेक्शन न दिलेले किंवा नुसतं पाणी दिलेले पेशंट शेजारी नव्हते, आणि एक पायरी म्हणजे काय तर कुणाला गुदद्वाराजवळ थोडी संवेदना कळायला लागली की ए ची बी होते. चालणं नव्हे. ती पायरीसुद्धा काही पेशंटमध्ये काहीही न करता चढली जाते, सुरुवातीला ए असलेल्यांपैकी दहातले एक-दोन वर्षभरात आपोआप बी किंवा सी ला जातात. तुलनेचा (कंट्रोल) गट नसला की याचं श्रेय इंजेक्शनला मिळतं. ते १० पेशंट तिथे संशोधनात होते, कॅम्पमध्ये सूट मिळवून आलेले नव्हते, हा फरक तर आहेच.

व्हिडिओंचं पण बघा. पॅरलल बारमध्ये उभा राहिलेला माणूस दाखवतात. डी-८ चा पेशंट, हात मजबूत असले तर, कॅलिपर (पाय ताठ ठेवणारे पट्टे-सळया) लावून, एकही पेशी न घेता बारमध्ये उभा राहू शकतो आणि खांद्याच्या जोरावर झोके घेत चार पावलं टाकू शकतो, आम्ही हे करून घेतो. पुढच्या वेळी व्हिडिओ लागला की पॅन्टच्या आत गुडघ्याशी पट्टा-सळई दिसते का ते बघा, इजा कुठल्या लेव्हलची, आधीची ग्रेड काय, मार लागून किती महिने झाले होते हे विचारा. आणि अशा पॅकेजांत बरेचदा रोजचं फिजिओही असतं, मग सुधारणा कशाची? ती फिजिओची असेल तर तेवढीच विकत घ्या, खूप स्वस्त पडेल.

आता कायद्याचं. आपल्याकडे आयसीएमआरची (वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात स्पष्ट आहे की रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी जे बोन मॅरो ट्रान्सप्लांट होतं ते सोडून बाकी कुठल्याही आजाराला स्टेम सेल द्यायचे असतील तर मंजुरी असलेल्या क्लिनिकल ट्रायलमध्येच (पेशंटवर नियमाने होणारा अभ्यास), उपचार म्हणून विकायचे नाहीत, जाहिरात करायची नाही. आणि ट्रायल खरी असेल तर पेशंटकडून प्रयोगाच्या उपचाराचे पैसे घेत नाहीत, उलट २०१९ च्या क्लिनिकल ट्रायल नियमांप्रमाणे ट्रायलमुळे काही अपाय झाला तर उपचार फुकट आणि नुकसानभरपाई द्यावी लागते. मग साडेसात लाख कशाचे? सूट कशाची? महिन्याच्या आत भरायची घाई कोणाला?

मिस्टरांना म्हणा की त्या सेंटरला एकच मेसेज टाका, की आम्हाला सीटीआरआय नंबर द्या, केंद्राच्या औषध नियंत्रकांचं परवानगीपत्र द्या आणि एथिक्स कमिटीचं (ट्रायलमध्ये पेशंटचं हित बघणारी समिती) नाव द्या. सीटीआरआय म्हणजे देशातल्या ट्रायलची सरकारी नोंदवही, इंटरनेटवर फुकट बघता येते, नंबर टाकला की कोण करतंय, कशावर, किती पेशंट, कुठल्या टप्प्यावर सगळं दिसतं. नुसता नंबर असून भागत नाही हं, परवानगीपत्र वेगळं. शिवाय विचारा की पेशी कुठल्या लॅबमध्ये वाढवता, आधीची आणि नंतरची तपासणी कोण करणार, बिलावर काय लिहून देणार. उत्तर फोनवर गोड बोलून आलं आणि कागदावर काहीच आलं नाही, की समजून जा.

"होऊन होऊन काय होईल, फायदा नाही तर नाही, नुकसान तर नाही ना" असं घरात कोणीतरी म्हणणारच. होतं नुकसान. मणक्यात सुई म्हणजे इन्फेक्शनचा धोका, मेंदूज्वरापर्यंत जाऊ शकतं. झटके वाढू शकतात, जिथे काहीच कळत नाही तिथे आग-आग होणारं दुखणं सुरू होऊ शकतं. एका बाईंची केस २०१४ मध्ये छापून आली, त्यांनी पोर्तुगालमध्ये नाकातल्या अस्तराच्या पेशी मणक्यात बसवून घेतल्या होत्या, आठ वर्षांनी पाठ दुखायला लागली म्हणून बघितलं तर मणक्यात गाठ, आणि त्या गाठीतून शेंबडासारखा द्राव पाझरत होता, नाकाच्या पेशींनी नाकाचं काम केलं. फायदा झाला नव्हताच. ही विरळ गोष्ट आहे, घाबरवायला सांगत नाही, पण सोडलेल्या पेशी परत काढून घेता येत नाहीत हे लक्षात ठेवायला सांगते.

आणि अजून एक नुकसान आहे त्याचा विचार कोणीच करत नाही. बऱ्याच चांगल्या ट्रायलमध्ये अट असते की पेशंटने आधी कुठेही पेशींचा उपचार घेतलेला नसावा. तो २७ वर्षांचा आहे, अजून दहा वर्षांनी तो ३७ चा असेल, त्या दहा वर्षांत जुन्या इजेसाठी काहीतरी खरं येऊ शकतं, आणि आज घेतलेल्या तीन इंजेक्शनांमुळे त्याचं नाव पहिल्याच फॉर्मवर कटलं तर?

खरं येतंय का काही, तर येतंय, फक्त सगळं पेशींमधूनच येतंय असं नाही. मज्जारज्जूला विजेचे हलके संकेत देऊन उरलेल्या तंतूंकडून काम काढून घेणं ही दिशा गेल्या काही वर्षांत बरीच पुढे गेली. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या टीमने २०२३ मध्ये एका पेशंटच्या मेंदूवर आणि मणक्यावर इम्प्लांट बसवून दोन्ही जोडले, तो वॉकर घेऊन स्वतःच्या मनाने चालतो. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत मानेवर बाहेरून चिकटवायचं, ऑपरेशन न लागणारं एक यंत्र मंजूर झालं, ते मानेच्या इजेत हाताची ताकद आणि संवेदना वाढवायला. दोन्ही तुमच्या दिराच्या उपयोगाचं आज नाही, त्याचे हात तर उत्तमच आहेत. पण त्या दिवसासाठी शरीर तयार ठेवायला लागतं. सांधे आखडलेले, हाडं ठिसूळ, माकडहाडाला जखम, किडन्या खराब, अशा माणसाला कुठलीच ट्रायल घेत नाही आणि घेतली तरी उभं कोण राहणार.

म्हणून पैसे कुठे घालायचे ते सांगते. डी-८ म्हणजे हात पूर्ण चांगले, दंड चांगले, पोटाच्या वरच्या भागाचा थोडा तोल. या लेव्हलचा तरुण माणूस नीट ट्रेनिंग मिळालं तर बेडवरून व्हीलचेअरवर स्वतः जातो, अंघोळ स्वतः करतो, कपडे स्वतः घालतो, हाताच्या कंट्रोलची गाडी चालवतो. तुमच्या पत्रात तो "दिवसभर पडून असतो" असं वाक्य होतं (मी ते वर गाळलंय), माझ्या मते तुमच्या घरातली आजची खरी अडचण ती आहे. ऑपरेशन झालं, टाके निघाले, घरी पाठवलं, आणि रिहॅब नावाची गोष्ट, म्हणजे या शरीरासह स्वतःचं स्वतः करायला शिकवणं, कोणी केलीच नाही. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन आहे, याच कामासाठी, प्रायव्हेटच्या मानाने खर्च अगदी किरकोळ. पंचवटी एक्स्प्रेस धरून एकदा मिस्टरांना सगळे कागद, एमआरआयची सीडी, डिस्चार्ज कार्ड घेऊन पाठवा, पेशंटला न्यायची तारीख ठरवून या. तिथे लघवीचं बघतील, आणि ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कायमची नळी असेल तर ती काढून दर चार ते सहा तासांनी स्वतः स्वच्छ नळी घालून लघवी काढायचं शिकवतात, इन्फेक्शन कमी होतं, किडनी वाचते, आणि पिशवी लटकत नाही म्हणून माणूस चारचौघांत यायला तयार होतो. संडासचं ठरावीक वेळेचं रूटीन बसवतात. प्रेशर न येणारी कुशन, त्याच्या मापाची व्हीलचेअर (मेडिकलवाल्याकडची जड, लोखंडी नको, तिने खांदे जातात), बाथरूमचा दरवाजा रुंद करणं, ओट्याला उतार, हे सगळं मिळून साडेसात लाखांच्या आसपासही जाणार नाही. बेडवर असला तर दर दोन तासांनी कूस, खुर्चीत असला तर दर पंधरा-वीस मिनिटांनी हाताच्या जोरावर अंग उचलून भार हलवणं, याची मोबाईलमध्ये बेल लावा, त्याची त्यालाच लावू द्या.

कागदांचं पटकन. सिव्हिलमधून दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलं नसेल तर काढा, अर्ज ऑनलाइन होतो, तपासणीला जावं लागतं. मग तहसीलला संजय गांधी निराधार योजनेची चौकशी करा, उत्पन्नाची अट आहे. इन्कम टॅक्स भरत असाल तर त्यातही सूट मिळू शकते, सीएला विचारा.

आता भावकीचं, जे मला वाटतं तुम्हाला खरं विचारायचं होतं. वहिनी, तुम्ही "नाही" म्हणूच नका. तुम्ही प्रश्न विचारा, वर लिहिलेत तेच, आणि उत्तर डॉक्टरांच्या तोंडून येऊ द्या. ज्या सर्जननी ऑपरेशन केलं त्यांच्यासमोर मिस्टर, सासूबाई आणि दीर सगळ्यांना एकत्र बसवा, हॉटेलातला ब्रोशर त्यांच्या टेबलावर ठेवा आणि विचारा, तुमच्या मुलाला हे दिलं असतंत का? सुनेने अडवलं ही गोष्ट मग उरतच नाही. आणि दुसरं, पैसा वाचला म्हणून तो घरखर्चात विरून जायला नको, नाहीतर भावकीचं बोलणं खरं ठरेल. मिस्टरांना सांगा, यंदाच्या मालाचे पैसे आले की त्यातला ठरवलेला भाग दिराच्या स्वतःच्या खात्यावर टाका, व्हीलचेअर, कुशन, बाथरूम, हाजी अलीचा राहण्याचा खर्च त्यातून, चेकवर सही त्याची. जमीन सातबाऱ्यावर सामाईक असेल तर २० गुंठे विकायला पण त्याची सही लागणारच आहे, मिस्टर त्याला विचारणार कधी होते कोण जाणे.

कारण तुमचं पत्र मी परत परत वाचलं, त्यात मिस्टरांना काय वाटतं आहे, सासूबाईंना काय वाटतं आहे, भावकी काय म्हणेल तेही आहे, दिराला काय पाहिजे ते कुठेच नाही. त्याला विचारलंय का कोणी? मार त्याला लागलाय, सुई त्याच्या पाठीत जाणार, जमिनीतला वाटा त्याचा, वय २७, शुद्धीवर आहे, डोकं शाबूत आहे. कदाचित तो म्हणेल मला घ्यायचंय, तरी आधी सगळं कळू द्या मग म्हणू द्या. कदाचित तो तुमच्या सगळ्यांच्या आशेखातर हो-हो करत असेल, हे फार वेळा असतं, आईला वाईट वाटू नये म्हणून पोरं इंजेक्शन घेतात. त्याचे असेही प्रश्न असतील जे तो आईला, वहिनीला विचारू शकत नाही, लग्न, संसार, मूल होईल का. या सगळ्यावर उपचार आणि मार्ग आहेत, रिहॅबच्या डॉक्टरांशी त्याला अर्धा तास एकट्याला बोलू द्या, तुम्ही बाहेर बसा.

मिस्टरांवर रागावू नका. त्यांच्या जागी कोणीही भाऊ असाच पळेल, आणि तो कॅम्प घेणारा हे चांगलं ओळखून असतो.

तो आधी माल पोचवायचा म्हणजे व्यापारी, पॅकहाऊस, ग्रेपनेटच्या (निर्यातीच्या द्राक्षांची सरकारी ऑनलाइन नोंदणी) नोंदी, गाड्यांचे हिशोब यातलं त्याला कळत असणारच. छाटणी आली की फवारणीचं रेकॉर्ड आणि मजुरांचा हिशोब त्याच्याकडे द्या, अगदी पलंगावर बसून का होईना, आणि चुकला तर बाकीच्यांना बोलता तसं बोला. हाजी अलीला जाऊन आलात की कळवा, लघवीचे रिपोर्ट आणि खांद्याचं कसं आहे तेही लिहा, त्यावरून व्यायाम सांगते.